शंभर पाट्या कांदा

चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यात पंचवटीतल्या रंगनाथ मास्तरांच्या बिऱ्हाडापुढं एक ट्रक थांबला आणि त्यातून वीस गोण्या कांदा उतरला. बिऱ्हाड दोन खोल्यांचं. माणसंही दोनच, मास्तर आणि त्यांची बायको चांगुणा. मास्तर शाळेत गणित शिकवायचे. त्यांना ना शेत होतं ना दुकान. हमालानं विचारलं, "कुठं थप्पी लावू?" तर मास्तर गोण्या मोजत राहिले. शेवटी हमालांनीच पलंग भिंतीला उभा केला, बाहेरची खोली निम्मी भरली, उरलेल्या गोण्या चुलीमागं आणि जिन्याखाली कोंबल्या.

घरमालकीण विमलाबाई वरच्या कठड्यावरून वाकून बघत होत्या. "काय मास्तर, नोकरी सोडून अडत टाकली का?"

"नाही हो, सासुरवाडीचा आहे."

"बाई गं. असली सासुरवाडी साऱ्यांना मिळो."

मास्तर हसले. हसताना त्यांचे कान तापलेले त्यांना स्वतःला कळत होते.

ट्रक गेल्यावर चांगुणा आतून आली. तिनं एका गोणीचं तोंड उसवलं, एक कांदा हातात घेऊन बोटानं दाबला, नाकाशी धरला. "विहिरीकडच्या वाफ्यातला आहे," ती म्हणाली. "भाऊनं निवडून पाठवला. एक नासका नाही घातला." आणि ती परत आत गेली. तिनं भांडायला हवं होतं असं मास्तरांना फार वाटलं. भांडली असती तर त्यांना काहीतरी बोलता आलं असतं.

तो कांदा मास्तरांनी पत्त्यांत जिंकलेला होता.

आता गणिताचा मास्तर पत्त्यांत कसा घुसला, ते सांगायला हवं. मास्तर मूळचे निफाडकडचे, त्यांच्या घरात पत्त्याला हात लावला तरी आई तोंड फिरवायची. पण चांगुणाचं माहेर सटाण्यापासून दोन कोसांवर, आरम नदीच्या काठाला. त्या मुलखात आखाजीचा, म्हणजे अक्षय्यतृतीयेचा, सण दिवाळीच्या वरचढ. सासरी गेलेल्या लेकींना आणायला भाऊ जातो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. लेकी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात, आमरस-सांजोऱ्या खातात. आणि बाप्ये पत्ते कुटतात. वर्षभर जो बाप पोराच्या हातात पत्ता दिसला तर चाबूक काढील, तोच आखाजीला ओट्यावर घोंगडी अंथरून म्हणतो, ये, बस.

मास्तर लग्नानंतर पहिल्यांदा आखाजीला गेले तेव्हा सासरे झिपरूआबा म्हणाले होते, "पाव्हना, जो आखाजीले पत्ता नही खेळस, तो पुढला जलमले गाढव व्हस."

"मला येत नाही, आबा."

"गाढवलेबी येत नही. बठा."

खेळ तीन पत्तीचा. पण आबांच्या ओट्यावर पैसा चालत नव्हता. चिंचोके मांडायचे, एक चिंचोका म्हणजे एक पाटी कांदा. उन्हाळी कांदा नुकताच निघून कांदाचाळीत पडलेला असायचा, त्यामुळं प्रत्येकाजवळ मांडायला भरपूर. आणि रीत अशी, की कोण किती का जिंकेना, जिंकणाऱ्यानं शकुनाची एक पाटी उचलायची आणि बाकीचं हसून सोडून द्यायचं. दुसरी रीत शेवटच्या दोघांची. बाकीच्यांनी पानं टाकली आणि दोघंच उरले, की त्यांतला एक आपल्या पुढ्यातले सगळे चिंचोके मधे लोटून म्हणू शकत होता, "बठ्ठं." बठ्ठं म्हणजे सगळं. मग समोरच्यानं एक तर पानं टाकायची, नाहीतर तितकेच चिंचोके घालून पानं उघडायला लावायची.

हे 'बठ्ठं' मास्तरांच्या डोक्यात शिरलं ते निघेना. पुढं वार्षिक परीक्षेला पोरं पेपर लिहीत असताना मास्तर पाळतीवर उभे असायचे आणि मनात तीन-तीन पानांच्या जोड्या जुळवत असायचे. बावन्न पानांतून तीन उचलायच्या बावीस हजार शंभर तऱ्हा निघाल्या, आणि त्यांतल्या दर चारांपैकी जवळजवळ तिनांत काहीच नसतं, ना जोडी, ना रंग, ना ओळ. म्हणजे बठ्ठं म्हणणारा पुष्कळदा नुसता छाती फुगवून बसलेला असतो. पण नेहमी नाही. मग घालायचं कधी? मास्तरांनी त्याचं सूत्र काढलं, आणि ते सूत्र सोपं होतं म्हणून त्यांना त्याचा गर्व झाला.

चांगुणा भाकरी थापत असताना त्यांनी तिला ते समजावलं. "मला किती घालावं लागतंय ते बघायचं. ते घातल्यावर मधे एकूण किती होतंय ते बघायचं. मधे एकूण पाच आणि त्यात मला दोन घालायचे, तर पाचांत दोनदा जरी मी वरचढ ठरणार असलो तरी घालायचं. जास्तदा हरलो तरी तोटा नाही. लोक काय करतात, मी जिंकेन का हरेन एवढंच विचारतात. किती भावात, ते विचारतच नाहीत."

"आणि समोरच्याकडं काय आहे ते कसं कळायचं?"

"ते कळत नाही. अंदाज करायचा."

"मग एवढं गणित करून शेवटी अंदाजच ना," चांगुणा म्हणाली आणि भाकरी उलटली. मास्तर थोडे नाराज झाले.

त्या काळात चांगुणा त्यांना खूप सांगायची. संध्याकाळी दोघं गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, फिरायला जायची, पायरीवर बसायची, आणि तिचं माहेरपुराण सुरू व्हायचं. त्यातच एकदा तिनं भावाची गोष्ट सांगितली.

भिकन तिच्याहून तीन-चार वर्षांनी मोठा. गावात त्याला सगळे 'झोप्या' म्हणायचे. का, तर पोरगा असताना त्याला कांद्याचं रोप राखायला बसवलं होतं, तिथं त्याला झोप लागली आणि शेळ्यांनी अख्खा वाफा खाल्ला. रोप गेलं म्हणजे त्या सालचा कांदा गेला. आबांनी त्याला दाव्यानं मारलं. पाठीवर वळ अजून आहे.

"पण झोपली होते मी," चांगुणा पाण्याकडं बघत म्हणाली. "त्या दिवशी राखायला मी होते. भाऊ पळत आला, मला उसात लपवलं, आणि घरी जाऊन सांगितलं की मी झोपलो. कुणाला माहीत नाही. आईलासुद्धा नाही. तुम्हालाच सांगतेय."

मास्तरांनी तिचा हात हातात घेतला.

मग तिलाच हसू आलं. "आणि त्याला खोटं बोलताच येत नाही हो. खोटं बोलायचं असलं की आधी समोरच्याची विचारपूस करतो. त्या दिवशी घरात शिरला आणि आईला म्हणाला, माय, तुनं डोकं त नही दुखस ना? अजून तसंच. बाजारात बैल विकायचा असला आणि त्याची खोड लपवायची असली, तर आधी गिऱ्हाइकाच्या पोराबाळांची चौकशी. वहिनी तर ओळखूनच आहे. भाऊनं गोड विचारलं की गोजरा वहिनी म्हणते, काय फोडलंत ते आधी सांगा."

दोघं खूप हसली. ही गोष्ट तिनं त्यांना दिली होती, जशी एखादी बाई नवऱ्याला माहेरचा दागिना ठेवायला देते.

चौऱ्याहत्तरच्या आखाजीला भिकनच मुऱ्हाळी म्हणून नाशिकला आला आणि बहीण-मेहुण्याला घेऊन गेला. बाहत्तरच्या दुष्काळाची कळा जाऊन विहिरींना पाणी होतं, चाळी भरल्या होत्या, गाव खुशीत होतं. दुपारी जेवणं झाल्यावर ओट्यावर घोंगडी पडली. आबा, भिकन, मास्तर, शेजारचा सावळीराम आणि आणखी दोघं-तिघं. सावळीराम म्हणजे हरला तरी तोंड न मिटणारा माणूस.

"मास्तर उनात," मास्तर येऊन बसलेले बघून तो म्हणाला. "आते चिंचोका पाढा म्हणतीन."

खेळ रंगला. एक-एक जण उठत गेला. एका डावाला आबांनी पानं टाकली, सावळीरामनं शिव्या देत टाकली, आणि भिकन आणि मास्तर असे दोघंच उरले. मधे चाळीस चिंचोके जमलेले. मास्तरांच्या हातात सत्त्यांची जोडी आणि एक किल्वरची राणी. बरी पानं, फार मोठी नाहीत.

भिकननं पानांकडं पुन्हा एकदा बघितलं. मग ओट्याच्या टोकाला टेकून बसलेल्या आबांकडं बघितलं. अंगानं दणकट, तिशी ओलांडलेला माणूस, पण बापासमोर त्याची मान अजून त्या पोरासारखीच थोडी खाली असायची. त्यानं पुढ्यातले सगळे चिंचोके दोन्ही हातांनी मधे सारले. ऐंशी होते.

"बठ्ठं."

मास्तरांचं डोकं आपोआप चालू लागलं. मधे चाळीस, त्याचे ऐंशी, माझे ऐंशी, एकूण दोनशे. दोनशेत ऐंशी. पाचांत दोन. पाच वेळांत दोनदा तरी तो रिकामा असेल का? भिकन भित्रा खेळाडू नव्हता, पण उगाच बठ्ठं म्हणणाराही नव्हता. तीनदा खरं, दोनदा खोटं, असं धरलं तर काटा अगदी मधोमध उभा राहत होता. गणित म्हणत होतं, घाल किंवा टाक, सारखंच.

तेव्हा भिकननं मान वर केली आणि फार मायेनं विचारलं, "दाजी, रातले झोप लागनी ना बरी? डास त नही चावनात?"

मास्तरांना एकदम गंगेची पायरी आठवली. त्यांनी ऐंशी चिंचोके मोजून घातले.

भिकनचा राजा, दश्शी आणि चौकी. ना रंग ना ओळ. मास्तरांची सत्त्यांची जोडी.

हसाहस झाली. भिकनही हसला, कपाळावर हात मारून घेतला. आबा म्हणाले, "जावयानी नाक कापं रे तुनं." इथवर सगळं गोड होतं. मास्तरांनी शकुनाची एक पाटी मागितली असती, भिकननं ती डोक्यावर घेऊन नाटक करत आणली असती, आणि वर्षभर पुरेल एवढी थट्टा झाली असती.

पण सावळीराम म्हणाला, "नशीब मास्तर. नशीबगुण लागी गयं तुमले. सत्त्या धरीसन कोनी ऐंशी घालस का?"

मास्तरांना जगात कुणी काहीही म्हटलेलं चालायचं. कंजूष म्हणा, बुळा म्हणा. पण नशीब म्हटलेलं त्यांना चालत नसे. बावीस हजार शंभर तऱ्हा मोजलेल्या माणसाला तुम्ही नशीब म्हणता?

"नशीब नाही सावळीराम," ते म्हणाले. "हिशोब आहे." आणि त्यांनी ओट्यावर चिंचोके मांडून पाचांत दोन समजावलं. वर्गात समजावतात तसं, सावकाश, आवाज चढवत. लोक ऐकत होते. माणसं ऐकतात हे दिसलं की मास्तरांना थांबता यायचं नाही.

"ते समजनं," सावळीराम म्हणाला. "पन त्यानाजोडे काही नही, हाई कसं समजनं? ते त नशीबच."

"ते पण नशीब नाही. भिकनराव खोटं बोलायच्या आधी माणसाची विचारपूस करतात. मला डास विचारले ना? तिथंच कळलं."

लोक खिदळले. "हा रे भो, खरं शे," कुणीतरी म्हणालं. भिकनचं हसू थोडं मंदावलं. "तुमले कोनी सांगं?"

इथं तरी थांबायचं होतं. पण गणितात पायरी सोडली की गुण जातात, ही मास्तरांची हयातभराची शिकवण. त्यांनी पायरी सोडली नाही.

"चांगुणानं. ते शेळ्यांनी रोप खाल्लं नव्हतं का, तेव्हा झोपली होती ती. हे घरी येऊन आईला म्हणाले, डोकं दुखतंय का, आणि नाव स्वतःवर घेतलं. तेव्हापासूनची सवय आहे."

बोलून झालं आणि मग त्यांना दिसलं, की चांगुणा दारात उभी आहे. झोक्यावरून आली होती. हातात पन्ह्याचे पेले भरलेलं ताट होतं.

आबांनी तंबाखूची चंची हातातून खाली ठेवली.

"तू झोपेल नव्हता?" त्यांनी लेकाला विचारलं.

"जाऊ द्या ना आबा. जुनं शे."

"मी तुले दाव्याघाई मारं."

"जाऊ द्या म्हनस ना."

आबा भिंतीला धरून उठले आणि गोठ्याकडं गेले. त्यांचा एक जोडा ओट्याखालीच राहिला. भिकननं बहिणीकडं बघितलं. रागानं नाही. कुणाकडं एखादी वस्तू ठेवायला दिलेली असावी आणि ती बाजारात विकायला मांडलेली दिसावी, तसं. चांगुणानं ताट उंबऱ्यावर ठेवलं आणि आत गेली.

"मी शकुनाची पाटी घेतो," मास्तर घाईघाईनं म्हणाले. "एकच."

"नही दाजी," भिकन म्हणाला. त्याचा आवाज साधा होता. "ऐंशी हाई, आनि मधला मन्हा वीस. शंभर पाट्या. तुमना हिसाब पक्का शे, आमना कच्चा नको. बठ्ठं लई जा."

आखाजीला आलेली लेक चार-आठ दिवस तरी माहेरी राहते. चांगुणा दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून एस.टी.च्या फाट्यावर उभी राहिली. चांदवडच्या थांब्यावर मास्तरांनी उसाचा रस आणून दिला, तो तिनं प्यायला, पेला परत दिला. आठवडाभरानं ट्रक आला.

त्या कांद्यानं मास्तरांचा पावसाळा खाल्ला. विकायला नेणं त्यांना जमेना. कुठून आणला म्हणून विचारलं तर काय सांगायचं? शेजारी वाटला, शाळेत वाटला. हेडमास्तर म्हणाले, "खैरनार, प्रमोशन हवंय की काय?" तरी संपेना. त्या घराला कोंदट हवा. आषाढात कांदा घामेजला, श्रावणात त्याला कोंब आले, मग चुलीमागच्या गोण्या नासल्या आणि त्यांचं काळं पाणी फरशीवरून वाहत न्हाणीपर्यंत गेलं. मास्तरांच्या सदऱ्याला वास, वह्यांना वास. वर्गात फळ्याकडं तोंड केलं की मागं पोरं नाक धरायची. चांगुणा रोज सकाळी गोण्या उपसायची, चांगला कांदा वेगळा करायची, नासका टोपलीत भरून टाकून यायची. एकदाही म्हणाली नाही की हे तुमच्यामुळं.

पुढच्या आखाजीला मुऱ्हाळी आला नाही. चांगुणानं सांजोऱ्या केल्या होत्या. सटाण्याची गाडी यायची वेळ झाली तशी ती दारात जाऊन उभी राहिली, दुसरी गाडी यायच्या वेळेला पुन्हा उभी राहिली, मग आत आली आणि सांजोऱ्यांचा डबा विमलाबाईंना देऊन टाकला. बोलावणं नसताना लेकीनं आखाजीला आपल्या पायानं जायचं नसतं. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच झालं, आणि त्याच्याही पुढच्या. दरम्यान त्यांना दोन लेकरं झाली. मास्तरांनी पत्त्याला हात लावणं सोडलं. बायको स्वयंपाक करायची, सण करायची, आजारपणं काढायची, हसायचीसुद्धा. फक्त एक झालं. तिनं सांगणं सोडलं. गंगेवर गेली तरी ती पाण्याकडं बघत बसायची. मास्तर मुद्दाम विचारायचे, "तुमच्या त्या लाल गाईचं पुढं काय झालं गं?" तर म्हणायची, "काय व्हायचं. म्हातारी होऊन गेली."

एक्याऐंशीत झिपरूआबा गेले. तेव्हा दोघं गेली. तिथं मास्तरांना आणखी एक कळलं. ओट्यावर माणसं बसली होती, भिकन सगळ्यांना पाणी देत होता, पण कुणालाही 'कधी निघालात, जेवलात का' असं विचारत नव्हता. सावळीरामनं हळूच कानात सांगितलं. त्या आखाजीनंतर गावाला एक खेळच मिळाला होता. भिकननं कुणाला कसं काय विचारलं रे विचारलं, की लोक म्हणायचे, सावध, आता भिकन थाप मारणार. बाजारात, देवळात, लग्नात. हळूहळू त्यानं विचारपूस करणंच टाकलं. "पहिले गावमा कोनी आजारी पडं का, पहिला भिकन येये," सावळीराम म्हणाला. "आते येस, बठस, मुकाट उठी जास."

मास्तरांना त्या दिवशी त्या ओट्यावर बसवेना. नदीवरच्या विधीला ते सगळ्यांत मागं उभे राहिले.

शहाऐंशी साली मास्तरांनी इंदिरानगरात घर बांधलं. इंदिरानगर तेव्हा निम्मं माळच होतं. वास्तुशांतीला भिकननं बहिणीला लुगडं आणि चोळीचा खण माणसाबरोबर पाठवला, स्वतः आला नाही. चांगुणानं लुगडं डोळ्यांना लावलं आणि नव्या कपाटात ठेवलं. नेसली नाही. आखाजी आठ दिवसांवर होती. मास्तर दुसऱ्याच दिवशी सकाळी तिला म्हणाले, शाळेच्या कामाला चाललोय, आणि सटाण्याची गाडी धरली.

वाटेत त्यांनी बोलायचं ते घोकलं. वाक्यं पक्की केली. पण पोचले तेव्हा ओट्यावर घोंगडी पडलेली होती. आखाजीच्या आधीपासूनच गाव खेळायला बसतं. भिकनच्या मिश्या पांढऱ्या झाल्या होत्या. त्यानं मेहुण्याला बघितलं, थोडा सरकला आणि जागा करून दिली. गोजरा वहिनीनं पाणी आणलं. सगळ्यांसमोर घोकलेलं बोलता येईना म्हणून मास्तर बसले, आणि बसले म्हणून त्यांना पानं वाटली गेली.

कसा कोण जाणे, एक डाव पुन्हा दोघांवर आला. मधे तीस चिंचोके होते. मास्तरांच्या हातात एक्क्यांची जोडी. भिकननं आपले पंचेचाळीस मधे सारले.

"बठ्ठं," तो म्हणाला. थोडा थांबला. मग मास्तरांच्या तोंडाकडं निरखून बघत त्यानं विचारलं, "दाजी, तब्येत कशी शे?"

सावळीरामनं मान खाली घातली. घोंगडीवरच्या बाकीच्यांनीही. बारा वर्षांत भिकननं असं कुणाला विचारलं नव्हतं.

मास्तरांचं डोकं त्यांना न विचारता चाललं. पंचेचाळीस घालायचे, एकूण एकशेवीस. आठांत तीन. एक्क्यांची जोडी आठांत सात वेळा सहज जिंकते, आणि त्यात तो विचारपूस करतोय, म्हणजे हात रिकामा. घातलं की जिंकलं. त्यांना मनातून हलकं वाटलं. परतफेड इतकी सोपी असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

त्यांनी पानं पालथी टाकली. "तुझं, भिकन."

भिकननं हात लांब करून मास्तरांची पानं उलटली. दोन एक्के वर आले. त्यानं ते बराच वेळ बघितले. नंतर स्वतःची पानं एकेक करून शेजारी मांडली. पंजी, छक्की, सत्ती. ओळ. एक्क्यांच्या जोडीच्या वर.

"मी खरंच इचारं, दाजी," भिकन म्हणाला. "तुम्ही वाळी गयात."

मास्तरांना वाटलं, ओटा दुभंगावा. त्यांनी दान करायला हात पुढं केला होता आणि ते दान भिकनला नको होतं, त्याच्या कामाचंही नव्हतं. भिकननं बारा वर्षांनी एक साधा प्रश्न विचारला होता, आणि मास्तरांनी तोही खोटा धरला होता. हिशोबात.

खेळ मोडला. माणसं उठून गेली. तेव्हा मास्तरांनी घोकलेल्या वाक्यांतलं एकच बाहेर आलं, तेही अर्धं. "भिकन, त्या वेळी मी बोलायला नको होतं."

भिकन चिंचोके पिशवीत भरत होता. "मन्हं नाव झोप्या व्हतं," तो म्हणाला. "ते बरं व्हतं. नावना काय भार लागस? पन आबा. मरापावत दर आखाजीले मन्हा पाठवर हात फिरायेत आनि रडेत. 'तुन्ही चूक नव्हती, मी तुले मारं.' म्हाताराले सांगू तरी काय? 'वळ दुखस नही, आबा.' त्यासले वाटे, हाईबी खोटंच सांगी ऱ्हायना."

मास्तरांनी मान खाली घातली. ओट्याच्या फटीत एक चिंचोका अडकला होता, तो ते नखानं काढत राहिले.

"चांगुणाले सांगा," भिकन पिशवीची गाठ मारत म्हणाला, "परोनदिन मी येस. मुऱ्हाळी. तुमना एक्कासाठे नही. मन्ही बहीण शे ती, बारा वरीस व्हयनात. मन्हंबी चुकनं."

तो आला. सकाळच्या गाडीनं आला, नवं धोतर, हातात आंब्याची करंडी. चांगुणा दारातच थांबली, मग त्याच्या खांद्याला धरून आत घेऊन गेली. मास्तर आंघोळीला गेले होते. न्हाणीतून त्यांना स्वयंपाकघरातला आवाज ऐकू येत होता. चांगुणा बोलत होती. तिचा तो गंगेवरचा आवाज होता, भरभर, मधेच हसणारा, ती कुठल्याशा शेळीची नक्कल करत होती, आणि भिकन जाड आवाजात म्हणत होता, "नही, ती नव्हती, ती दुसरी, कानतुटी." दोघं पुन्हा हसली.

मास्तरांनी अंगावर घाईनं तांब्या ओतला, कपडे केले, आणि केस पुसत स्वयंपाकघराच्या दारात गेले. त्यांना ती कानतुटी शेळी ऐकायची होती.

"मग तिनं काय केलं, तर सरळ देवळात..." चांगुणा म्हणत होती. तिला ते दिसले. ती थांबली. पदर सारखा केला आणि चुलीवरचं दूध उगाच खाली उतरवलं.

"काय गं?" मास्तर म्हणाले. "पुढं?"

"काही नाही हो. जुनंच आपलं."

भिकन फरशीकडं बघत होता. बशीतला चहा संपला होता तरी त्यानं बशी तोंडाला लावली.

"मी जरा चौकातून पानं घेऊन येतो," मास्तर म्हणाले. "विड्याची."

"आहेत की घरात."

"ताजी आणतो."

त्यांनी चपला घातल्या. पायऱ्या उतरताना मुद्दाम वाजवून उतरले. फाटकाची कडी घातली आणि बाहेर कुंपणाला धरून उभे राहिले. आत थोडा वेळ काहीच नव्हतं. मग तो आवाज पुन्हा सुरू झाला, आधी हळू, मग भरभर. शब्द कळत नव्हते. ऊन चढत होतं. मास्तर चौकाकडं निघाले, आणि पानवाल्याचं दुकान आलं तरी थांबले नाहीत, तसेच पुढं चालत राहिले. लवकर परत जाऊन चालणार नव्हतं.